गाडीचं शेपूट

त्या गाडीचं शेपूट आठवलं की मला अजून शिसारी येते.

नागापूरला तेव्हा कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि रस्त्यालगत माझं पत्राकामाचं दुकान होतं. एका बागायतदाराचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला, आपली गाडी घेऊन आला. त्याला ती मुंबईकडच्या एका धावपट्टीवर शर्यतीत उतरवायची होती. वेगात गाडीची मागची बाजू हलकी पडते, म्हणून तिथला उतरता पत्रा कापून लांब करायचा आणि टोकाला वर वळलेली आडवी पट्टी लावायची, म्हणजे वाराच गाडी खाली दाबून धरेल, असं त्याचं म्हणणं. बाहेर दुष्काळ, बायका खडी फोडतायत आणि हे साहेब गाडीचं ढुंगण घडवायला आलेत, असं मनात आलं. पण कामाची हाव सुटली. असलं काम नगरात कुणी केलेलं नव्हतं.

वारा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बायकोच्या लोकरीचे वीतभर धागे मी मागच्या पत्र्यावर चिकटवले. गाडीच्या मालकाचा, म्हणजे त्या पोराचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, पाथर्डीकडचा अबोल माणूस, गाडी पळवायचा आणि मी दुसऱ्या गाडीतून मागून धागे बघायचो. ते फडफडले की पट्टी काढायची, कोन बदलायचा, पुन्हा वेल्डिंग करायचं. शेवटी धागे तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे चापून बसले. गाडी आता रस्ता सोडत नाही, असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तिसगावला मालकाच्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि गाडी आधी वरातीला गेली. नवरदेव टपावर, त्याचे दोन धिप्पाड मेव्हणे माझ्या पट्टीवर. परत आली तेव्हा सांध्यांत गुलाल, पट्टी वाकलेली आणि वेल्डिंगला बोटभर चीर. पट्टी उतरवून नव्याने जोडायला दोन दिवस लागतील, असं मी सांगितलं. मालक पान चघळत म्हणाला, सकाळी निघायचंय, पट्टी सरळ करून चिरेत पुट्टी भर आणि रंग मार. शर्यतीत तो बसणार नव्हता. वडिलांनी त्याला शपथ घातली होती, म्हणून ड्रायव्हर बसणार होता. हे मला ठाऊक होतं.

मी पुट्टी भरली. घासली, रंग मारला. चीर कुठे होती ते मलाच सापडेना, इतकं सफाईदार काम.

सकाळी ड्रायव्हरने पट्टीवरून हात फिरवला. मालक शेजारीच उभा होता. ड्रायव्हरने मला विचारलं,

"पक्कं हाय ना, मिस्तरी?"

"व्हय. बसा तुमी."

तिसऱ्या फेरीत पट्टी उडाली आणि गाडी उलटली. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. म्हाताऱ्याला वेग झेपला नाही, असं मालक गावभर सांगत सुटला. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही, कारण मग पुट्टीचंही सांगावं लागलं असतं.

दिवाळीनंतर ड्रायव्हर कुबड्या टेकत दुकानात आला. मी त्याला स्टूल दिलं आणि त्याच्या पायाकडे न बघण्याची खटपट करत राहिलो.

"मालक म्हनत्यात, माजीच चूक," तो म्हणाला. "मी लई इचार केला. तुमी पक्कं म्हनला हुता, म्हंजे चूक माजीच आसंल."

मी त्याला नाही म्हणालो नाही.