दोनशे बारा अनोळखी

त्या महिन्यात तबस्सुमला एका जागी बसणं म्हणून माहीत नव्हतं. दुकानाचं शटर वर केलं की कॉम्प्युटरसमोर, तिथून कपाटापाशी, कपाटापासून आतल्या खोलीच्या दारात. दारात क्षणभर थांबून मन्सूर काय करतो ते पाहायचं आणि पुन्हा कॉम्प्युटर. चहा करायची आणि तो तसाच निवायचा.

२००४ सालची गोष्ट. ब्रह्मपुरीतला त्यांचा फोटो स्टुडिओ बावीस वर्षांचा. साखरेच्या आजारानं नवऱ्याचे, मन्सूरचे, डोळे दोन वर्षांत नेले. उजेड-अंधार तेवढा कळे, समोरचा चेहरा कळत नसे. फोटो काढण्याचं अडलं नव्हतं. नवरीचे, बाळंतिणीचे फोटो तबस्सुम पहिल्यापासूनच काढायची, आता वरातीतही तीच उभी राहू लागली. अडलं होतं दुसरीकडे. आठ हजारांवर पाकिटांत निगेटिव्ह होत्या आणि कुठलं पाकीट कुठे, हे एकट्या मन्सूरच्या डोक्यात होतं. कोणी येऊन "भाऊ, माह्या मामेसासऱ्याचा तो बैलाजवळचा फोटो" एवढंच म्हणायचा की आतून उत्तर यायचं, "निळा डबा, मागून चौथं." त्या डोक्यावरच दुकान चालत होतं. आणि परवा आपण सकाळची गोळी घेतली का, हे त्यानं दोनदा विचारलं होतं. हे डोकं रिकामं होण्याआधी सगळं कुठेतरी उतरवून घ्यायला हवं होतं.

नागपूरचा एजंट अजय 'स्टुडिओमित्र' नावाचं सॉफ्टवेअर घेऊन आला तो याच सुमारास. बुकिंग, बिल, अल्बमची तयार डिझाइनं, निगेटिव्हची नोंद, सगळं एकात. तिची भाची रुखसार कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. ती म्हणाली, "फुफी, एवढं कायले पाहिजे? एक्सेलमध्ये साधा तक्ता कर. रकाने तुह्या मनाचे." पण अजयच्या रंगीत खिडक्यांपुढे तो तक्ता शाळेच्या पाटीसारखा दिसला. तीस दिवस फुकट वापरायचं, मग घ्यायचं. नाही घेतलं तर कुलूप, आत भरलेलंही दिसणार नाही.

तबस्सुमनं बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली आणि एकोणतीस दिवसांत सहाशे नोंदी भरल्या. सॉफ्टवेअर देईल तो नंबर नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटावर टाकायचा, निगेटिव्ह त्यात सरकवायची. मन्सूरच्या हातची जुनी कागदी पाकिटं, त्यावरच्या त्याच्या खुणा, सगळं चुलीत गेलं. पसारा नको होता. एकच अडचण. ग्राहकाचं नाव भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसे, तांबडा तारा लुकलुकत राही. दर वेळी उठून आत विचारायला जाणं तिच्यानं होईना, घाई होती. मग ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्या रकान्यात ती 'अनोळखी' टाकू लागली. तारा विझायचा.

तिसाव्या दिवशी सकाळी अजय उत्तर घ्यायला आला, आणि त्याच्या मागोमाग सिंदेवाहीकडच्या गावातून जीपनं आलेली एक म्हातारी पायरीवर टेकली. सोनीबाई. नवरा जाऊन दहा दिवस झाले होते.

"परवा तेरवी हाय, बाई. घरी एकबी फोटो नाई त्याचा. होता तो गळतीत भिजला. मन्सूरभाऊनं काढला होता ना एक, गावात लाइट आली तवा? तो द्या."

"हे पाहा भाभी, हाच खरा टेस्ट," अजय खुर्ची ओढत म्हणाला. "टाका नाव."

"नाव काय, मावशी?" तबस्सुमनं विचारलं.

"माहं? सोनी."

"तुमचं नाई. त्यांचं."

सोनीबाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की तबस्सुमचं बोट कीबोर्डवरच थांबलं.

"मी कशी घेऊ नाव?"

"आजी, आता ते तर गेले ना," अजय बोलून गेला.

"तो गेला म्हणून नाव मोकळं झालं का रे बाबू? पन्नास वरसं नाई घेतलं, अन् आता तुह्या डब्यापुढं घेऊ?"

तबस्सुमला हसू आलं आणि लाजही वाटली. तिनंही उभ्या जन्मात मन्सूरला नावानं हाक मारली नव्हती. "जिशानचे अब्बा," तिनं लेकाच्या नावानं आत आवाज दिला, "लाइट आली तेव्हाचा फोटो!"

"गाव?" आतून आवाज आला. सोनीबाईनं सांगितलं. मन्सूर सांगू लागला. "खांबाजवळ सारी पंचायत उभी होती. ब्लॅक अँड व्हाइट रोल. तिसऱ्या कपाटात हिरवा डबा, वरून दुसरं. पाकिटावर मी खांब काढलेला हाय."

हिरवा डबा रिकामा होता. पहिल्याच आठवड्यात तिनं तो उपसला होता, आणि तो खांब चुलीत गेला होता.

तिनं गावाचं नाव टाकलं. काही नाही, गावाचा वेगळा रकानाच नव्हता, पत्त्याचा होता तो तिनं कोराच सोडला होता. मग तिनं 'अनोळखी' टाकलं. पडद्यावर आकडा आला, दोनशे बारा.

"काय झालं?" मन्सूर दारापर्यंत चाचपत आला होता.

"मी हलवलं ते," ती म्हणाली. तो तसाच चाचपत टेबलापाशी येऊन बसला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

साडेअकरा झाले होते. भारनियमनात दोनला लाइट जायची ती रात्रीच यायची, आणि दोनच्या आधीच सोनीबाईची जीप निघायची. दोनशे बारा पाकिटं तिनं टेबलावर ओतली.

"खांब पाह्य," मन्सूर म्हणाला. "मागं नुसतं आभाळ होतं. आभाळ काळं दिसंन, खांब पांढरा."

ती खिडकीशी उभी राहून निगेटिव्हची एकेक पट्टी उजेडात धरू लागली. लग्नं, बारशी, शाळेची पोरं, सगळ्यांचे चेहरे काळे आणि केस पांढरे. सोनीबाईनं एक पट्टी हातात घेऊन लगेच खाली ठेवली. "भुतं हायेत ही. यातून मी कसा वळखू?" अजय आधी घड्याळ पाहत होता, मग मुकाट्यानं पाहिलेली पाकिटं बाजूला लावू लागला. तबस्सुमच्या मनात दुआ आणि मोजणी एकात एक मिसळत होती.

एक वाजला तेव्हा खांब असलेल्या सात पट्ट्या हाती आल्या. ती एकेक स्कॅनरवर ठेवू लागली. पडद्यावर काळ्याचं पांढरं व्हायचं आणि माणसं उमटायची.

"हे आमचं गाव नाई." "हेबी नाई." "हा कोन मुच्छड, कोनाचा जावई?"

पाचव्या पट्टीत धोतर-टोपीतली नऊ माणसं खांबाला खेटून उभी होती. तबस्सुमनं वळून पाहिलं, तर म्हातारीनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता आणि नजर खाली.

"यात हायेत?"

पदर हलला. तबस्सुम एकेका चेहऱ्यावर माऊसचा बाण नेत गेली. डावीकडून सहाव्यावर पदर आणखी खाली आला.

तिनं तो चेहरा कापून मोठा केला, मागचा खांब फोटोशॉपमध्ये पुसायला लागली.

"राहू दे तो," पदराआडून आवाज आला. "त्याच्यासाठी लय पाय झिजवले त्यानं."

पावणेदोनला प्रिंट निघाली. सोनीबाई ती वर्तमानपत्रात गुंडाळून जीपकडे धावतच गेली.

"सापडला की नाही शेवटी?" अजय म्हणाला. "मग भाभी, आज फायनल करू?"

"नाई, भाऊ."

"अहो, सहाशे नोंदी बंद होतील. महिन्याची मेहनत!"

"होऊ द्या."

"आणि अल्बम?"

"हातानं करीन. उशीर लागंन." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "तुमची चीज वाईट नाई. पण आमच्याकडं माणूस नाव घेऊन येत नाई. कोनाचा कोन, कुठचा, कायच्या येळचा, हे घेऊन येते. ते लिहायले तुमच्यात जागा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केल्या केल्या तिनं रुखसारनं सांगितलेला तक्ता उघडला. गाव. कशाच्या वेळचा. सोबत कोण. विचारायला कोण येईल. नावाचा रकाना शेवटी, रिकामा राहिला तरी चालेल असा. मन्सूरला शेजारी खुर्ची दिली. ती पट्टी उजेडात धरून काय दिसतं ते सांगायची, तो बोलायचा, ती टाइप करायची. पहिली तीन पाकिटं त्यानं गाणं म्हणावं तशी सांगितली. चौथ्याला ती म्हणाली, "विहीर हाय. काठावर दोन बाया, एकीच्या कडेवर लेकरू."

त्याची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत राहिली. खूप वेळ.

"विहीर..." तो म्हणाला. "थांब. आठवते आता." आणि त्याला आठवलं नाही.

तबस्सुमनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कपाटात साडेसात हजार पाकिटं होती. तिनं सगळे रकाने मोकळे ठेवले, पुन्हा कधी विचारायला म्हणून ओळीला पिवळा रंग दिला आणि पाचवं पाकीट उचललं.

"लग्न हाय," ती घाईनं म्हणाली. "नवरदेव उंच. सांगा."