बिनडोळ्यांचा बैल

कमल गेल्याचा फोन सौंसरहून आला तेव्हा मी डाळ निवडत होते. ताटातली डाळ निवडून संपवली आणि मग सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाले रडू नाही आलं?" रडून काय होणार होतं? पोटाच्या दुखण्यानं ती वर्षभर झिजत होती. सुटली. कमल माझी धाकटी नणंद. त्याच्या थोडं आधी मी तिला भेटून आले होते. खाटेवर नुसती हाडं उरली होती. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "वयनी, तो बैल हाये का अजून?" मी म्हटलं, "हाये. फडताळात जागा अडवून राह्यला." ती म्हणाली, "त्याचे डोळे रंगवून टाक वं…" इतक्या वर्षांत त्या बैलाचं नाव तिनं पहिल्यांदा काढलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नटवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगते. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा कमल फ्रॉक घालत होती. ऐंशी सालानंतर ती विशीत आली, मॅट्रिक होऊन घरी बसली होती. रांगोळीत तिचा हात असा चालायचा की लोक अंगणात पाय ठेवायला कचरत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे लहान मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात. तेव्हा बाजारात ते बैल नागपूरहून यायचे, सगळे सारखेच, लाल रंग फासलेले. कमल म्हणाली, "हे बैल नाही, विटा होय. मी करून दाखवतो." तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो हसला, "आज बैल रंगवून राहिली, उद्या बैलबंडी हाकलीन." पण रस्त्याकडची ओसरी त्यानं तिला दुकानाला दिली.

बैल घडवायचे मारोतीकाका सुतार, जाम नदीच्या पलीकडे सावरगावात. कमल त्यांच्या अंगणात जाऊन बसायची, कधी मीही सोबत असायची. दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असे. "काका, मान उचला त्याची. सासुरवाडीले चालल्यावानी लाजून राहिला." काका म्हणत, "बैल मी घडवून राहिलो का तू?" आणि मग मान उचलत. शिंगं, अंगावरची नक्षी कमल रंगवायची. झुली मी ब्लाउजच्या चिंध्यांतून शिवायची. डोळे सगळ्यांत शेवटी. "डोळे झाले की बैल उठते," असं ती म्हणायची आणि तेवढा वेळ कोणाशी बोलत नसे. पहिल्या वर्षी बैल बरे विकले गेले. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्याच दिवशी दुपारपर्यंत ओसरी रिकामी झाली. बोरगावचे काही लोक म्हणून गेले, सकाळी येतो, बैल ठेवा. कमलनं हो म्हटलं. बैल एकही उरला नव्हता, तरी हो म्हटलं.

आता तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. त्या काठाला सावरगाव, या काठाला पांढुर्णा, आणि झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांना दगड. डोकी फुटतात, कधी माणूसही जातो. याला आम्ही सण म्हणतो. मारोतीकाकांनी जन्मात त्या दिवशी दगड उचलला नव्हता. दार लावून घरात बसत. हे सगळ्यांना माहीत होतं, कमललाही. तरी पोळ्याच्या संध्याकाळी ती मला घेऊन नदीपलीकडे गेली. काका म्हणाले, "उद्याच्या दिवशी मी उंबरठा नाही ओलांडत, पोरी." ती म्हणाली, "दगड सुरू व्हायच्या आत तुम्ही घरी. माझ्यासाठी एवढं करा ना, काका." काकूनं आतून भांडं आपटलं. काका म्हणाले, "बरं."

घरी अर्धवट पडलेले बैल रात्रीतून पुरे करून सकाळी ते टोपलं घेऊन आले. चहा पिऊन निघायचं, तर एका बैलाचं चाक अडकत होतं. काम अर्धवट टाकायची सवय नाही, बसले चाक घासत. निघाले तेव्हा काठावर आरडाओरडा सुरू झाला होता. पुलावर माणसांची भिंत. म्हणून ते वरच्या अंगानं पात्रातून जाऊ लागले, आणि डाव्या डोळ्यावर दगड बसला. आमच्या काठाचा. माझा नवरा त्याच काठावर होता, त्याच्याही हातात दगड होते. कोणाचा लागला हे तिथं कोणी पाहत नाही. पुढच्या वर्षीही तो दगड मारायला गेला.

निरोप आला तेव्हा कमल टोपल्यातला शेवटचा बैल रंगवत होती. डोळे तेवढे राहिले होते. कुंचला तसाच टाकून ती धावली.

जखमेवर चंडीच्या देवळातला अंगारा लावला, मग नागपूरला नेलं. डोळा गेला. काका म्हणाले, देवीनं घेतला. घरी येऊन कमल म्हणाली, "देवीनं नाही, मी घेतला." बाकीचे तिची समजूत घालत होते. मी म्हटलं, "हो, तूच. आता पुढं काय करशील ते सांग."

पुढच्या वर्षीही तिनं बैल काकांकडूनच घेतले. एका डोळ्यानं खोलीचा अंदाज येत नाही. पाय लहान-मोठे झाले, चाकं वाकडी बसली. कमल एकही बैल परत करीना. तिला आता डोळे रंगवणं जमत नव्हतं, कुंचला बैलाच्या तोंडाशी नेऊन खाली ठेवायची. ते माझ्याकडं आलं, आणि माझ्या हातचे डोळे बेडकासारखे. मी म्हटलं, "दुसरा सुतार पाहा." ती म्हणाली, "नाही वयनी." गिऱ्हाइकं हसायची, "काहो ताई, बैल दारू पिऊन आला का?" एका मुलाचा बैल दारातच उलथला, पोरगं रडत घरी गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी ओसरीवर फारसं कोणी फिरकलं नाही. मग काकाच एकदा म्हणाले, "पोरी, तू मले भीक देऊन राहिली. मले नाही पाहिजे." ते संत्र्याच्या पेट्या ठोकायला जाऊ लागले. कमल तिथं गेली तर खिळा ठोकता ठोकता म्हणाले, "पेट्यांले दोन डोळे कायले लागते?" त्यानंतर दोघं बोलल्याचं मला आठवत नाही. ओसरी भाड्यानं गेली. कमलचं लग्न सौंसरला झालं, सरकारी नोकरीतल्या माणसाशी. संसार नीट केला. पण तिच्या दारात दिवाळीलाही रांगोळी नसे, नुसतं पाणी शिंपडलेलं.

माझी नात आता घरी पिशव्या शिवून विकते. तिला मी एकच सांगते… माल संपला की 'संपला' म्हणायला शिक. आपल्या हौशीच्या कामात दुसऱ्याचेही हात असतात, त्यांना घाईला लावू नको. लोक म्हणतात, कमलनं काकांना सोडलं नाही हे केवढं मोठं मन! मला ते पटत नाही. काकांना पेट्या ठोकायच्याच होत्या, त्या दोन वर्षं उशिरा ठोकल्या, आणि तोवर हिचंही दुकान गेलं. दुसरा सुतार पाहायला हवा होता. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, आता मागून म्हणते असं नाही.

तेराव्यानंतर काळ्या रंगाची डबी आणवली आणि फडताळातून तो बैल काढला. नक्षी अजून तशीच आहे, कमलच्या विशीतली. माझा हात आता पहिल्याहूनही वाईट चालतो. एक डोळा वर गेला, एक खाली. पुसायला गेले तर आणखी पसरला. राहू दिला.

परवा तान्हा पोळा झाला. नातीच्या लेकीनं बैल ओढायला मागितला. मी दोरी बांधून दिली. ती दाराशी पोचली तशी मी दार लावून घेतलं. "घरातच ओढ," म्हटलं, "आज बाहेर नाही न्यायचा."