पाय आणि लाखोळीची डाळ

मी चार महिने, दोन्ही वेळ, लाखोळीची डाळ खाल्ली. कुणी खायला लावली नव्हती आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

लाखोळी भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत होते. धान उभं असतानाच ओल्या मातीत बी फेकून देतात, पुढचं ते आपलं आपण उगवतं. डाळ तुरीसारखी दिसते. आमच्याकडे तिचे वडे करतात, कधी भजी. पाहुणे आले की दोन-चार वडे खायचे आणि हात धुवायचे, एवढाच तिचा मान. महिनोन्‌महिने पोटभर ती कुणी खात नाही, आणि का खात नाही हे आमच्या घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं. मी पन्नाशीतला, म्हणजे म्हाताऱ्यांना विचारायला लाज वाटावी इतका मोठा.

सात वर्षांपासून मी साखरेची गोळी घेतो. दिवाळीनंतर तपासणी केली तर आकडा असा आला की बायकोनं तो कागद देवाजवळ ठेवला. मी मोबाईल उघडला. त्यात एक सडपातळ गृहस्थ सांगत होते की जनावराचं काहीही खाऊ नका, मांस नको, अंडं नको, दूध-दहीसुद्धा नको. झाडावर आणि जमिनीत जे येतं तेवढंच खा, शरीर आपली दुरुस्ती आपण करतं. मला पटलं. रात्रीच्या जेवणाला मी ते घरात जाहीर करून टाकलं.

आम्ही विणकर घरातले. माग वडिलांच्या काळातच घरातून गेला, पण रविवारचा मटणाचा काळा रस्सा काही गेला नाही. आमच्यात माणसानं मटण सोडलं की त्याची बातमी होते. उमरेडहून मोठ्या भावाचा फोन आला, "काय झालं गा? डॉक्टरनं जवाब देला का?"

पहिले दोन रविवार मी भोपळा खाल्ला. तिसऱ्या रविवारी मला माझी अक्कल सुचली. लाखोळीची डाळ भिजवून, वाटून, तिचे गोळे वाफवले आणि मटणाच्याच मसाल्यात, त्याच सुक्या खोबऱ्याच्या, खसखशीच्या काळ्या रश्श्यात सोडले. दातांना काम मिळालं. कपाळावर घाम आला. मी डोळे मिटून जेवलो.

बायको म्हणाली, "याले मटण सोडलं म्हणते का लपवून ठेवलं म्हणते?"

मग रोजच गोळे. सकाळी डब्यात गोळे, संध्याकाळी ताटात गोळे, मधे डाळीचं वरण. दोन महिन्यांत पँट सैल झाली, साखर खरोखरच उतरली. आता मला उपदेशाचा नाद लागला. मी डबा उघडला की कँटीनमधले लोक टेबल बदलायला लागले.

माझी नोकरी कोराडीला, वीजकेंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर. लांबच लांब गॅलरी, खाली लोखंडी जाळी, बाजूनं रबरी पट्ट्यावरून कोळसा धावत असतो. माझं काम त्याच्या कडेनं चालत जाऊन कुठला रोलर बिघडतो आहे ते ओळखायचं. नवीन पोरं कान देतात. पण त्या आवाजात कान काय करणार? जुन्या माणसाला ते तळव्यांत कळतं. रोलर अडकायला लागला की जाळीतून बुटात एक वेगळी थरथर येते. एवढी वर्षं मी पायांच्या भरवशावर भाकर खाल्ली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्याच पायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या.

आधी मी बुटांना दोष दिला. मग मोबाईलमधल्या गृहस्थांनी सांगितलं की सुरुवातीला शरीरातली घाण बाहेर पडते, तेव्हा असं-तसं वाटतं. माझी घाण पायाच्या बोटांतून निघते आहे असं मी समजून घेतलं आणि दोन गोळे जास्त खाल्ले.

शिमग्याच्या आधी पवनीची आत्या चार दिवस राहायला आली. ऐंशीच्या पुढची, पण नजर घारीची. जेवायला बसलो तर तिनं माझ्या वाटीत बोट घातलं, चाटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लाखोळी व्हय?"

"हो आत्या. ताकद असते तिच्यात."

"कधीपासून खाऊन राहिला?"

"दिवाळीपासून. दोन्ही टाइम."

आत्यानं वाटी माझ्यापुढून उचलून आपल्यापुढे ठेवली. "पाय चालतात ना गा तुहे?"

मी हसलो, पण पुढं तिनं जे सांगितलं त्यानंतर हसू आलं नाही. तिच्या लहानपणी पावसानं दगा दिला त्या वर्षी गल्लीतल्या काही घरांत दुसरं काहीच नव्हतं, लोक लाखोळीवर जगले. "पयले पाय जड होते. मंग मुंग्या. मंग काठी. तिघं होते आमच्या गल्लीत. दोन काठ्या घेऊन खेकड्यावानी चालत. त्यायच्याजवळ दुसरं खायले नव्हतं गा. तुह्या घरी काय कमी आहे?"

"मंग बरे झाले का ते?" मी विचारलं. आवाज सहज ठेवला होता.

"काठी घेऊनच मेले," आत्या म्हणाली आणि लोणचं मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी डाळ बंद केली. बायकोला म्हटलं, कंटाळा आला. खरं सांगायची हिंमत नव्हती. चार महिने ज्याचा ढोल बडवला त्यानंच पाय जायला लागले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? वाटलं, डाळ थांबली की मुंग्या थांबतील. मुंग्या थांबल्या नाहीत. त्या घोट्यापर्यंत चढल्या, आणि मग त्याहून वाईट झालं: काही ठिकाणी मुंग्याही येईनात. बोटाला चिमटा काढला तर दुसऱ्याच्या बोटाला काढल्यासारखा.

मोबाईल पुन्हा उघडला. या वेळी त्यानं सांगितलं की लाखोळीनं गेलेले पाय परत येत नाहीत. मी मोबाईल पालथा ठेवला.

मग मी रोज सकाळी बाथरूममध्ये स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो. डोळे मिटून उभं राहायचं, दहापर्यंत मोजायचं. आधी दहापर्यंत जात होतो, मग सातपर्यंत. एकदा चारवरच बादलीत बसलो.

"काय पडलं हो?" बाहेरून बायको.

"साबण," मी बादलीतून म्हटलं.

"एवढा मोठा साबण कधी आणला?"

एका रविवारी भाजीला निघालो. बसमधून जरीपटक्याला उतरलो, बाजारात शिरलो, वांगी निवडत होतो. भाजीवाली बाई म्हणाली, "काका, एक चप्पल कुठी आहे?" खाली पाहिलं तर उजवा पाय अनवाणी. डांबरावरून, दगडांवरून, कुणाच्या थुंकीवरून मी तेवढं अंतर चालत आलो होतो आणि पायानं मला एक शब्द सांगितला नव्हता. वांगी तिथंच ठेवली. दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि तो पाय मांडीवर घेतला. टाचेत काच होती. रक्त येत होतं. दुखत नव्हतं. आयुष्यात कधी काही दुखत नाही म्हणून इतका घाबरलो नव्हतो.

तरी घरी काही बोललो नाही. चप्पल बसमध्ये राहिली, एवढंच सांगितलं.

बोलायला लावलं ते गॅलरीनं. मंगळवारी सकाळी मी पट्ट्याच्या कडेनं चालत होतो, पाय रुंद टाकत, कठड्याला हात लावून. पाळीवरचा सोबतचा कामगार मागून धावत आला, त्यानं माझा खांदा धरला. "दादा, रोलर जळून राहिला ना. धूर निघून राहिला. तुमी त्याच्याच बाजूले उभे आहा."

खरंच होता. माझ्या बुटापासून हातभर. जाळी थरथरत असणार. सोबतच्याला दहा पावलांवरून कळलं. मला काहीच नाही. त्यानं दोरी ओढून पट्टा थांबवला. एकदम शांत झालं. जिना मी बसून उतरलो, एकेक पायरी, लहान मुलासारखा. तो म्हणाला, चक्कर आली का? मी हो म्हटलं.

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. डाळ, आत्या, बादली, काच. ती पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला, माझे मोजे काढले आणि पाऊल हातात घेऊन नखानं तळव्यावर रेघ ओढली.

"समजते का?"

"नाही."

तिनं पुन्हा ओढली, जोरात. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला. उठा."

धरमपेठेतल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, घोट्यावर एक थरथरणारा लोखंडी चिमटा ठेवला. "कळतंय का?" मी खोटं हो म्हणणार होतो, बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं. मग त्यांनी काय खाता ते विचारलं. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मधेच लिहायच्या थांबल्या.

रक्ताचा कागद दुसऱ्या दिवशी आला. लाखोळी तर वाईट केलीच, त्या म्हणाल्या, ती आता नकोच. पण हा प्रकार मुख्यतः तिचा दिसत नाही. बी-बारा तळाला गेलं आहे. साखरेची ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते हळूहळू कमी होतं, आणि उरलंसुरलं मटण-अंड्यांतून, दूध-दह्यातून मिळत होतं तेही तुम्ही बंद केलं. भाजीपाल्यात ते नसतं.

"म्हणजे भाजीपाला चुकला?"

"भाजीपाल्यानं तुमची साखर उतरली. तो काहून चुकेल? तुम्ही कोणाला विचारलं नाही, ते चुकलं. वरून बी-बारा घ्यायचं असतं, एवढं कोणीही सांगितलं असतं."

"पाय परत येतील?"

त्यांनी घाईनं हो म्हटलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला. इंजेक्शनं घ्या, म्हणाल्या, काही महिने लागतील. बरंचसं येईल. सगळं येईलच असं आज लिहून देता येत नाही. तोवर गॅलरीत चढायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही, रोज पाय पाहायचे.

पहिलं इंजेक्शन घेऊन बाहेर आलो. पायरी उतरताना मी खाली पाहून, मोजून पाऊल टाकत होतो. बायकोनं दंड घट्ट धरला होता. खाली आल्यावर मी म्हटलं, "घाबरली का वं?"

"पायाची भीती आता थोडी कमी आहे," ती म्हणाली. "डोक्याचं विचारायचं होतं त्यायले, पण बाहेर लय पेशंट बसले होते."