डावी बाजू कमी पडते

"डावी बाजू कमी पडते," असं क्वेक अंकल म्हणाले की आमच्या टेबलावर सुतक पसरायचं. ज्याने गाण्यांचा नवा प्लेअर आणलेला असायचा त्याचं तोंड तर बघवत नसे. बिचाऱ्याने ओव्हरटाइम करकरून खिशात मावेल एवढं यंत्र घ्यायचं, आणि या माणसाने एक गाणं ऐकून त्याचा निकाल लावायचा!

शनिवारी सकाळी आमच्या तोआ पायो वस्तीतल्या फूड सेंटरमध्ये आमचा अड्डा जमतो. पंख्याखालच्या टेबलावर टिश्यूची पुडी टाकून जागा धरायची, कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, मागवायची आणि पिशव्यांतून एकेकाने आपापले प्लेअर बाहेर काढायचे. गाणं तेच, इअरफोन तोच, प्लेअर मात्र बदलत जायचा. कुणाचा आवाज मोकळा, कुणाचा कोंदट, यावर दुपारपर्यंत भांडायचं. मी, लतीफा, त्यात एकटीच बाई. आमच्या राहत्या ब्लॉकखाली माझी लाँड्री आहे. दिवसभर मशिनांची घरघर ऐकून माझे कान किटतात, म्हणून मला चांगल्या आवाजाची चटक लागली. त्यावरून मला कुणी काही बोलायचं नाही.

क्वेक अंकल आमचे सरन्यायाधीश. ही नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली. नोकरी लिफ्टच्या कंपनीत झाली. तिथे म्हणे लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून ते बिघाड सांगायचे. एकदा त्यांनी ठणठणीत लिफ्ट दोन दिवस बंद ठेवली होती आणि चौदाव्या मजल्यावरच्या लोकांनी त्यांचा उद्धार केला होता, हे मात्र ते सांगत नाहीत. ते मला तिथे राहणाऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं.

पण पद्धत म्हणाल तर कडक. दोन प्लेअर शेजारी ठेवले की आधी दोघांचा आवाज सारखा करून घेणार, कारण जो मोठा वाजतो तोच आपल्याला गोड वाटतो. मग इअरफोनच्या टोकांवरची टोपणं बदलणार. रबराची, स्पंजाची, लहान, मोठी, सगळी त्यांनी एका डबीत जपून ठेवलेली. डबीतलं स्पंजाचं एक टोपण गेल्या वर्षी चिनी नववर्षाच्या सुमारास हरवलं, तेव्हा त्यांनी आमच्या तंगवेलवर चोरीचा आळ घेतला होता. तंगवेल टॅक्सी चालवतो, तापट आहे. "तुमच्या कानातलं घाण टोपण मी कशाला चोरू?" म्हणून तो महिनाभर आला नव्हता.

परीक्षेचं गाणंही ठरलेलं. तेओच्यू या चिनी बोलीतल्या जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग, त्यात एक बाई नवऱ्याला लांबलचक शिव्या देते. अंकल डोळे मिटून, मान डोलावत ऐकायचे.

"हेच मी घरी फुकटात देते," स्वी एंग आंटी म्हणायच्या, "तेव्हा नाही मान डोलत."

स्वी एंग आंटी म्हणजे अंकलची बायको. भाजी घेऊन झाली की अंकलच्या डाव्या हाताला येऊन बसायच्या आणि बोलायला लागायच्या. अंकलचा नियम होता की चाचणी नसेल तेव्हा इअरफोन फक्त उजव्या कानात घालायचा. "डावा कान बायकोसाठी मोकळा ठेवलाय," असं आम्हाला ऐकवायचे. "नाहीतर तुम्ही लोक! घरच्यांची काही कदर नाही."

तर त्या मोकळ्या कानाशी आंटी तासतासभर बोलायच्या. मासा महाग झाला, गुडघा दुखतो, तुझी आई मला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघायची. अंकल ढिम्म! पुढे पुढे आंटींनी उत्तराची आशाच सोडली. आमच्यासमोरसुद्धा मनात येईल ते त्या कानात ओतायच्या. आणि अंकलनी मला काय सांगावं? "लतीफा, स्वी एंग हल्ली समजूतदार झालीये बघ. म्हातारपणी बायका शांत होतात." मला वाटायचं, काय निगरगट्ट माणूस आहे! पण परक्याच्या संसारात आपण कशाला नाक खुपसा?

नाक खुपसायची वेळ आली ती आंटींमुळेच. त्या एका शुक्रवारी चादरी घेऊन लाँड्रीत आल्या आणि स्टुलावर बसून रडायलाच लागल्या. सीमेपलीकडे इपोहला त्यांची थोरली बहीण असते, तिचा नवरा वारला होता. ती म्हणत होती, ये, दोघी राहू.

"कायमचं?" मी विचारलं.

"कायमचंच. येत्या गुरुवारी निघते."

"आणि अंकल?"

"त्याला तीनदा विचारलं गं. जाऊ का? शेजारी बसून, नीट, कानाशी. हूं नाही की चूं नाही. रेकॉर्डिंगमध्ये मागे कुणी खाकरलं तर याला ऐकू येतं, आणि बायको घर सोडून जाऊ का विचारते ते नाही ऐकू येत? त्याला नकोशीच झालेय मी. तसं असेल तर राहून करू काय?"

माझं डोकं असं सणकलं! पण आंटींनी शपथ घातली, की तू त्याला काही बोलायचं नाहीस, भीक मागून मिळालेलं उत्तर मला नको.

त्या शनिवारी मी दातओठ खात टेबलावर बसले होते. तंगवेलने नवा प्लेअर आणला होता. आधीचा त्याने अंकलच्या शब्दाखातर विकून टाकला होता, कारण अंकलनी म्हटल्यावर त्यालाही डावी बाजू कमी ऐकू यायला लागली होती. खरं सांगायचं तर मलाही यायला लागली होती. आम्ही सगळेच तसले.

अंकलनी आवाज जुळवला, टोपणं बदलली, डोळे मिटले. नाटकातल्या बाईने नवऱ्याचे वाभाडे काढले. अंकलनी डोळे उघडले.

"छान आहे. पण डावी बाजू..."

"बोलू नका!" तंगवेल उभाच राहिला. "अंकल, तो शब्द काढलात तर तुम्हाला टॅक्सीत घालून विमानतळावर सोडून येईन!"

"अरे, मी काय करू? कमी पडते ती पडतेच."

"सगळ्या जगाच्या प्लेअरची डावी बाजू कमी पडते?"

"हल्ली माल चांगला येत नाही," अंकल शांतपणे म्हणाले.

मी आधीच तापलेली. म्हटलं, "अंकल, इअरफोन उलटे घाला. उजव्याचा डाव्या कानात, डाव्याचा उजव्या. खोट प्लेअरची असेल तर आता उजवी बाजू कमी पडली पाहिजे."

त्यांनी घातले. ऐकलं. परत ऐकलं. चेहरा हळूहळू पडत गेला.

"काय?" तंगवेलने विचारलं.

"डावीच कमी पडते," अंकल म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे याच्या दोन्ही बाजू खराब आहेत."

"उठा!" मी म्हटलं. "उठा आधी!"

दंडाला धरून त्यांना पलीकडच्या ब्लॉकखालच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते मला समजावत होते की डॉक्टरांना आवाजातलं काही कळत नाही. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कानात दिवा धरून पाहिलं, "अरे बापरे" म्हणाली आणि चिमटा मागवला. अंकलनी माझा हात आवळला, मग एकदम "आई गं!" करून ओरडले. चिमट्याच्या टोकाला काळं, मळाने माखलेलं बोंड लटकत होतं.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अंकलनी चष्मा लावला, निरखून पाहिलं. "मध्यम साइझ," ते म्हणाले. "स्पंजाचं. टाकू नका, याची जोडी आहे घरी."

मी तिथल्या खुर्चीत बसून इतकी हसले की बाहेरच्या पेशंटनी आत डोकावून पाहिलं. अंकल मात्र हसत नव्हते. मान तिरकी करून पंख्याचा आवाज ऐकत होते, बाहेरच्या मुलाचं रडणं ऐकत होते. डॉक्टरीणबाई डाव्या बाजूने हळू काहीतरी म्हणाली तर दचकलेच.

"लतीफा," ते मला जिन्यात म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस. तंगवेलला तर मुळीच नाही. माझी काय अब्रू राहील?"

"तुमची अब्रू गेली खड्ड्यात," मी म्हटलं. पुढचं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आंटींची शपथ होती ना! गिळलं.

परत आलो तेव्हा तंगवेल भाडं आलं म्हणून गेला होता. अंकलनी नेहमीसारखा इअरफोन उजव्या कानात घातला. एवढ्यात भाजीच्या पिशव्या घेऊन आंटी आल्या, डाव्या हाताला बसल्या, घाम पुसला आणि सुरू झाल्या.

"माझी कोपी मागवली नाहीस ना? नाहीच मागवणार. बस ऐकत त्या सटवीच्या शिव्या."

अंकलचे डोळे मोठे झाले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. गप्प बसा म्हणून दिला की बोला म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"तुझ्या गोळ्या फ्रिजवर ठेवल्यात," आंटी वांगी चाचपत बोलत होत्या. "पांढरी सकाळची. उलट घेशील आणि चक्कर येऊन पडशील, मग उचलायला कोण आहे? तुला भात लावता येत नाही. नूडल्स खाऊन मरशील गाढवा. मला काय, मी गुरुवारपासून इपोहला असेन. ताई म्हणते, तिथे हवा चांगली आहे. चुलीत गेली हवा. मला नाही जायचं. कळलं का रे म्हाताऱ्या? मला नाही जायचं. तू एकदा नको म्हण. एवढा एक शब्द म्हण. पण तू कुठला म्हणायला?"

त्यांनी वांगी पिशवीत परत भरली आणि नाक पुसलं.

"नको जाऊस," अंकल म्हणाले.

आंटींचा हात पिशवीतच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच बोलले. मग अंकलकडे. अंकलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तुला ऐकू आलं?"

"आज सकाळपासून येतंय. कानात बूच होतं. स्वी एंग, तू इपोहला जायचं कधी म्हणालीस?"

आंटी ताडकन वळल्या. "किती दिवस होतं?"

"वर्ष झालं असेल. जास्तच."

"म्हणजे मी बोलले त्यातलं..."

"काही नाही. मला वाटलं तू बोलायची थांबलीस."

आता या हसतात की पिशवी डोक्यात घालतात, मला कळेना. आंटींचा चेहरा लाल झाला. त्यांची कोपी मी सांगायला उठले, तर अंकल काकुळतीला येऊन विचारत होते, "गुरुवारचं तिकीट परत घेतील का गं ते बसवाले?"

"काढलंय कुठे?" आंटी म्हणाल्या. "काढलं असतं तर तुला तीनदा कशाला विचारलं असतं?"