खिंडीत वाजणारी गाडी

विंझरच्या कुंडलिकची बैलगाडी लई वाजायची. कुणी वंगणाचं नाव काढलं, की तो अंगावर धावून जायचा. गाडी खिंडीत खडखडली, की घरी त्याची बायको ठकुबाई तवा चुलीवर टाकायची. तो दारात पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची.

पटकीच्या साथीत ठकुबाई गेली. कुंडलिकनं घराला कुलूप लावलं आणि गाडीवर तट्ट्याचं छप्पर घालून तिथंच बिऱ्हाड मांडलं. तरी खिंडीत चाकं वाजली, की घराच्या कौलांतून धूर दिसतो का, हे तो सवयीनं बघायचाच.

एके सकाळी त्यानं आखाला एरंडेल चोपडलं, चाकांत कातड्याच्या चकत्या बसवल्या, फळ्यांखाली गोणपाट ठासलं.

भिमा लोहारानं विचारलं, "इतक्या वर्सांनी गाडी गप का केलीस रं?"

कुंडलिक खेकसला, "आता आलो म्हून कुणाला सांगू?"