शेवटच्या चेंबरपाशी ताई

"तुझी ताई गेली रे…" असा मेव्हण्यांचा फोन आला तेव्हा मी गोत्रीच्या माझ्या घरात दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनंच निघालो. त्या अवतारात पाहिलं असतं तर सुधाताईनं मला दारातच झापलं असतं. महिना होत आला, पण तिच्याविषयी मला रडगाणं लिहायचं नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तोच सांगणार आहे.

आमची ताई सरकारी पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी पाहुण्यांनी "काय करतेस?" विचारलं की ती खुशाल "गटारं बांधते" म्हणायची, आणि आई चहाचं निमित्त करून आत पळायची. एकदा शहराच्या कडेच्या गरीब वस्तीत घरोघर नळ द्यायला सरकारनं निधी मंजूर केला आणि ताईनं आराखडाच अडवून धरला. नळाबरोबर सांडपाण्याची लाइनही सरकारी पैशातूनच झाली पाहिजे, हा तिचा हट्ट. उशीर झाला तर मिळालेला निधीही परत जाणार, आणि बायका टँकरमागेच धावत राहणार. वस्तीतल्या सविताबेन ऑफिसात येऊन गुजरातीत कडाडल्या, "बेन, पहेलां पाणी आपो, गटरनी वात पछी!" मीही सुनावलं, "ताई, आधी पाणी दे ना, गटाराचं नंतर बघ. त्यांच्या तोंडचा घास काढतेयस तू."

"अरे शहाण्या, घरात आलेलं पाणी जाणार कुठे? त्यांच्याच दारात ना? आपल्याला कुणी कधी विचारलं का, नळ हवा की गटार? मग त्यांनीच का निवडायचं…"

त्या दिवसांत तिला धड जेवण जात नव्हतं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिनं शेवटी दोन्हींसाठी निधी मिळवला, पण वस्तीला आणखी एक उन्हाळा टँकरवर काढावा लागला. तो अख्खा उन्हाळा सविताबेन तिच्याशी बोलल्या नाहीत. ताईला ते फार लागलं.

नळ सुरू झाले त्या दिवशी मीही गेलो होतो. पाहुणे नळापाशी फोटो काढत होते, आणि आमची ताई वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, गटाराच्या शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून त्यात डोकावत उभी. वरच्या टोकाच्या घरातून गुलाल कालवलेलं पाणी सोडलं होतं. लाइनीचा उतार बरोबर असेल तरच ते इथवर पोचणार… आणि ते पोचलं, लालभडक. बघायला आलेल्या सविताबेननी ताईचा हात धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

परवा ताईची बातमी सांगायला त्यांच्याकडे गेलो. ऐकून त्या पदरात तोंड लपवून रडल्या. मग "संभाळीने, भाई" म्हणत मला भिंतीच्या कडेनं बाहेर घेऊन आल्या. आत सून नळाखाली भांडी घासत होती, आणि बाहेर कोरड्या ठणठणीत गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जुन्या साड्यांवर पापड घातले होते. पाय ठेवायला जागा नव्हती.

ताई, तुझ्या गटारावर पापड वाळतायत गं.