ओली गाठ

नानांना पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास "शी!" निघायचं. हा माणूस कुठलीही गाठ मारली की आवळण्याआधी ती तोंडात धरायचा. मग ती गळाची असो, फायलींच्या बस्त्याची असो, नाहीतर सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या डब्याची. ओठांत धरून ओली करायची आणि मग सावकाश ओढायची. एक नवा शिपाई तर त्यांनी बांधलेल्या बस्त्याला हात लावायला तयार नव्हता. नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. फक्त मी शिकलेला असल्यामुळे मनातल्या मनात मुरडायचो.

बऱ्हाणपूरच्या एका सरकारी दफ्तरात ते रेकॉर्ड सांभाळत आणि मी आवक-जावक. नोकरीत ते मला चार-पाच वर्षांनी वडील. राहायला शनवारा मोहल्ल्यात, आणि रविवारी दिवसभर तापीवर, हातात गळाची काठी. गंमत म्हणजे मासा ते खात नसत. घरात मासळीचं नावही चालत नव्हतं, म्हणून मिळालेला मासा घाटावरच्या एखाद्या भोयाला देऊन हात धुऊन घरी जायचे. "मग पकडता कशाला?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही पेपरातलं कोडं सोडवून काय खाता, वसंतराव?" पुढल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो आणि मग जातच राहिलो.

दोरा निवडणं हे त्यांचं खरं वेड. आधी ते विणकरांकडून पिळाचं सूत आणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात भिजवायचे. मग कोणीतरी मुंबईहून नायलॉनचा दोरा आणून दिला आणि नाना वेडेच झाले. पाण्याच्या काचेच्या ग्लासात दोरा सोडायचा, ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून बघत बसायचं. दिसला की तो दोरा बाद. मग उरलेला दोरा हातभर-हातभर करून ओठांवरून ओढायचे. कुठे बारीकशी खरबड लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचे. "बोटाले कळत नाही, ओठाले कळते," म्हणायचे. बाकीचे हौशी लोक जाडजूड दोरा घेऊन बसत. त्यांच्याकडे बघून नाना म्हणत, "जाड दोरा आपल्या भीतीसाठी असते. मासा त्याले पाहून निघून जाते."

बारीक दोऱ्याला मात्र गाठ जपावी लागते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते शिकवलं. "सुकी गाठ ओढली का दोरा घासून आतल्या आत जळते. वरून काहीच दिसत नाही. मोठा मासा लागला का मग समजते." मी गाठ तोंडात धरली. दोऱ्याला मातीची चव होती. तिथे बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

ती छप्पन सालानंतरची, राज्यं जुळवण्याची वर्षं होती. नागपूर आमच्या हातून सुटलं होतं, राजधानी भोपाळला गेली होती. ग्वालियर-इंदूरकडचे, रीवाकडचे, भोपाळचे आणि आमचे असे सगळे नोकर एका यादीत बसवायचं काम चाललं होतं. कोण कोणाहून ज्येष्ठ, यावरून दफ्तरात बोलणी बंद झाली होती, इतकं सगळे एकमेकांकडे संशयाने बघत. वर असेल तो इथेच बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होणार आणि खाली असतील त्यांना रीवाकडे जावं लागणार, हे सगळ्यांना कळलं होतं. कच्ची यादी आली तेव्हा नानांचं नाव माझ्या खाली होतं. त्यांची देडतलाई गावातली सुरुवातीची सहा वर्षं कच्ची नोकरी म्हणून धरलीच नव्हती.

नानांनी अर्ज केला. त्यावर साहेबांची शिफारस लागत होती. साहेब ग्वालियरकडचे, नवे आलेले, आणि गळाचे भयंकर शौकीन. त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, "देखेंगे. पहले अपनी ताप्ती तो दिखाइए." नाना आठ दिवस दोरे ओठांवरून ओढत होते. बडेबाबूपदाचं त्यांना फारसं अप्रूप नव्हतं. एकदा मला म्हणाले, "रीवाले जाऊन मी काय करू वसंतराव? ही नदी मले माहीत आहे." मी मान हलवली. ती सहा वर्षं धरली गेली तर रीवाला मला जावं लागणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतरचा रविवार. पाणी निवळलेलं. साहेब इंदूरच्या दोन पाहुण्यांना घेऊन डोहावर आले. त्यांना जाड दोरा हवा होता, नानांनी हात जोडून बारीक लावायला लावला. तेवढ्यात भोयाने खालून हाक मारली आणि नाना त्याच्याकडे जाता जाता मला म्हणाले, "गळ तुम्ही बांधा. गाठ ओली करून ओढा बरं."

मी गाठ मारली. साहेब माझ्या डोक्याशी उभे राहून थर्मासमधला चहा पीत होते, पाहुणे बघत होते. या लोकांसमोर दोरा तोंडात घालायचा? साहेब ज्याला हात लावणार तो दोरा उष्टा करायचा? माझ्याच्याने होईना. नदी चार पावलांवर होती, तिथे बुडवला असता तरी चाललं असतं, पण घाईत तेवढीही अक्कल मला सुचली नाही. मी गाठ तशीच सुकी ओढली. बोटांना चटका बसला. मी काठी साहेबांच्या हातात दिली.

तासाभराने महाशीर लागला. काठी वाकली, पाहुणे ओरडायला लागले, माशाची पाठ एकदा उन्हात चमकली आणि दोरा सुटून मोकळा हवेत आला. मग साहेब पाहुण्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाबूजी, आपका धागा भी आपकी नौकरी जैसा कच्चा निकला." पाहुणे हसले. नानांनी दोऱ्याचं टोक हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, तेवढंच कापून खिशात टाकलं आणि म्हणाले, "गलती हो गई साहब." मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मला लाज वाटली हे खरं, पण लाजेच्या मागोमाग सुटल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं आहे.

सोमवारी अर्ज परत आला. 'पुरावा अपुरा' एवढा शेरा. आवकच्या वहीत तो मीच चढवला, सुवाच्य अक्षरात.

महिन्याभराने नाना रीवाकडे निघाले. स्टेशनवर मी एकटाच गेलो होतो. वहिनी डब्यात सामान लावत होत्या. नानांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि तिच्या पानात ठेवलेलं दोऱ्याचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. ते घासून पांढरं पडलं होतं आणि डुकराच्या शेपटीसारखं वळलं होतं.

"दोरा तुटला तर टोक असं नाही वळत," ते म्हणाले. "गाठ सुकी होती."

"नाना, तुम्हाला माहीत होतं? मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"मी सांगून काय होते? महिनाभर वाट पाहिली मी. म्हटलं, वसंतराव स्वतःच जाऊन सांगतील."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो तरी असतो. गाडी हलली. ते दारात उभे राहिले नाहीत, आत जाऊन बसले.

मी त्यांना एकही पत्र टाकलं नाही. तिकडे नदी आहे का, एवढं विचारायलाही नाही. चौथ्या वर्षी ते तिकडेच वारल्याचं कळलं, तेही दफ्तराच्या टपालातून. ते पत्र माझ्या टेबलावर आलं, कारण तोवर मी बडेबाबू झालो होतो. पुढे त्याच खुर्चीतून निवृत्त झालो, हारतुरे घेतले.

परवा पुतण्या पुण्याहून आला. त्याला आता गळाचा नाद लागला आहे. 'फ्लुरोकार्बन' की काय नावाचा दोरा घेऊन आला होता. पाण्यात अजिबात दिसत नाही म्हणे. मी पाण्याचा ग्लास मागवला, दोरा सोडला आणि खिडकीशी धरला. खरंच दिसेना. नाना हवे होते. पाकिटावरच्या सूचना पुतण्या मोठ्याने वाचून सांगत होता. तिसरी सूचना होती, गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, सुकी ओढल्यास दोरा कमजोर होतो. तोवर माझ्या हातातली गाठ तोंडात गेलेली होती.

"अरे वा काका! कोणी शिकवलं तुम्हाले?"

"आमच्या बडेबाबूंनी."

तो हसला. "पण बडेबाबू तर तुम्हीच होते ना?"

"हो," मी म्हणालो, आणि दोऱ्याचं टोक कापायला त्याच्याकडे कात्री मागितली.